गवताचे गोल गठ्ठे बांधणारें यंत्र : रचना, गुण व मर्यादा

आश्विन-कार्तिकांत डोंगरउतारावरील गवत पिकून पिवळें पडूं लागलें म्हणजे तें कापून, वाळवून घरीं आणण्यासाठीं शेतकऱ्याच्या हातीं फार थोडे दिवस असतात. कापणीस मजूर मिळाले तर बांधणीस मिळत नाहींत, आणि बांधलेल्या पेंढ्यांची गंजी रचून होईपर्यंत अवकाळी पावसाची धास्ती मनांतून जात नाहीं. अशा स्थितींत एकच माणूस ट्रॅक्टरवर बसून सबंध शेतांतील गवत उचलतो, त्याच्या वळकट्या करतो व जागच्या जागीं त्या सोडीत पुढें जातो, असें यंत्र ज्यानें पाहिलें त्यास त्याचा मोह पडावा हें साहजिक आहे. हें यंत्र आतां आपल्याकडेहि आलें असून तें 'बेलर' या नांवानें ओळखलें जातें.

आमच्या सभासदांपैकीं कांहींनीं असें यंत्र भागीदारींत घ्यावें कीं न घ्यावें याबद्दल आमच्याकडे पृच्छा केली आहे. तिचें उत्तर एका वाक्यांत देतां येण्यासारखें नाहीं. यंत्राचा उपयोग त्याच्या रचनेवर अवलंबून असतोच. परंतु गठ्ठा बांधण्यापूर्वीं गवत कसें होतें आणि बांधल्यानंतर गठ्ठा कोठें ठेवला, यांवर तो त्याहून अधिक अवलंबून असतो. म्हणून यंत्राची पूर्वपीठिका, रचना, गुण व मर्यादा क्रमानें सांगून मग आमचें मत देण्याचें आम्ही योजिलें आहे.

पूर्वपीठिका

वाळलेलें गवत वजनानें हलकें पण आकारानें अवाढव्य असतें. गाडी गवतानें भरून दिसते, पण तिच्यांत माल थोडाच असतो. म्हणून तें दाबून लहान करण्याची गरज सर्व देशांत भासली. आपल्याकडेहि १८९९-१९०० च्या दुष्काळांत जंगलांतील गवत कापून व दाबून तें रेल्वेनें दुष्काळी जिल्ह्यांत पाठविण्यांत आलें होतें. हे जुने गठ्ठे चौकोनी असत. चौकोनी गठ्ठा करण्यासाठीं पेटींत गवत घालून तें दट्ट्यानें पुनः पुनः ठोकावें लागतें व नंतर तारेनें किंवा सुतळीनें आवळावें लागतें. पुढें हेंच काम शेतांत चालतां चालतां करणारीं यंत्रें निघालीं. त्यांत गांठ मारणारा जो भाग असतो तो फार नाजूक असून, त्यांत थोडा बिघाड झाला तरी सुटे गठ्ठे पडूं लागतात.

गवत ठोकण्याऐवजीं तें गुंडाळावें ही कल्पना अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत राहणाऱ्या उम्मो ल्यूबेन यास सुचली व १९१० सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. हे हक्क पुढें ॲलिस-चाल्मर्स या ट्रॅक्टर करणाऱ्या कंपनीनें विकत घेतले व १९४७ सालीं 'रोटो-बेलर' नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. त्याचे गठ्ठे लहान, एका माणसास उचलतां येण्याजोगे असत. गठ्ठ्यावर सुतळी गुंडाळली जात असतां चालकास मात्र दर वेळीं थांबावें लागे.

आज परदेशांतील शेतांवर जे अजस्त्र गोल गठ्ठे दिसतात त्यांचा आरंभ १९७१ सालीं आयोवा संस्थानांतील पेला गांवीं झाला. गॅरी व्हर्मीर या यंत्रकारास त्याच्या एका मित्रानें सांगितलें कीं, गवताच्या कामाचे कष्ट आतां झेपत नाहींत, म्हणून गुरें पाळण्याचें सोडून द्यावें असें मनांत आहे. त्यावर व्हर्मीरनें असा विचार केला कीं, गठ्ठा माणसानें उचलावयाचाच नसेल तर तो लहान कां असावा? त्यानें पुरुषभर उंचीचा गठ्ठा करणारें यंत्र बनविलें आणि एकाच माणसानें सर्व गवत आटोपण्याची सोय केली. मोठ्या गोल गठ्ठ्याचा जन्म मजुरांच्या टंचाईंतून झाला, गवत अधिक चांगलें टिकावें म्हणून झाला नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; पुढील विवेचनांत तिचा उपयोग होईल.

यंत्राचे भाग व त्यांचें काम

कापलेलें गवत वाळल्यावर दंताळ्यानें ओढून त्याच्या सरळ ओळी केलेल्या असतात. ट्रॅक्टर त्या ओळीवरून चालतो व यंत्र त्याच्या मागें ओढलें जातें. यंत्रास शक्ति ट्रॅक्टरच्या मागील फिरत्या दांडीपासून, म्हणजे पी.टी.ओ. पासून मिळते. ही दांडी सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेते.

यंत्राच्या पुढील बाजूस जमिनीलगत एक आडवा फिरता रूळ असून त्यावर स्प्रिंगसारखे लवचिक पोलादी दांते असतात. हे दांते ओळींतील गवत खालून उचलून वर व मागें नेतात आणि ठराविक ठिकाणीं आंत वळून गवत सोडून देतात. वाऱ्यानें गवत उडूं नये म्हणून वरून कांहीं सळया तें दाबून धरतात. या भागाची उंची फार महत्त्वाची आहे. दांते जमिनीस टेकले तर माती व खडे गठ्ठ्यांत जातात आणि दांतेहि मोडतात. ते फार उंच ठेवले तर बारीक गवत शेतांतच राहतें.

उचललेलें गवत मागील कोठींत शिरतें. ही कोठी म्हणजेच यंत्राचा गाभा होय. तिच्या भोंवतालीं रबरी पट्टे, साखळ्या किंवा पोलादी रूळ सतत एकाच दिशेनें फिरत असतात. आंत आलेलें गवत त्यांच्या घर्षणानें गोल फिरूं लागतें व त्याची लहान गुंडाळी तयार होते. मागून येणारें गवत तिच्यावर थरावर थर बसतें. सतरंजी एका टोकाकडून गुंडाळीत गेलें असतां वळकटी जशी वाढत जाते, तशीच ही गुंडाळी वाढते. फरक इतकाच कीं येथें वळकटी जागीं फिरते व सतरंजी तिच्याकडे येते.

गठ्ठा ठरलेल्या आकाराचा झाला म्हणजे चालकास खूण मिळते व तो ट्रॅक्टर थांबवितो. यंत्र फिरतच असतें. मग सुतळी किंवा जाळी आंत सोडली जाते व फिरणारा गठ्ठा ती आपल्या अंगाभोंवतीं ओढून घेतो. गोल गठ्ठ्यास गांठ मारावी लागत नाहीं. सुतळीचे पुष्कळ वेढे बसले कीं तिचें टोक कापलें जातें व घर्षणानेंच तें धरून राहतें. चौकोनी गठ्ठ्याच्या यंत्रांतील गांठीचा नाजूक भाग येथें अजिबात नसतो, हा या रचनेचा मोठा लाभ आहे. बांधणी झाल्यावर कोठीचें मागील दार तेलाच्या दाबानें वर उचललें जातें, गठ्ठा बाहेर पडतो आणि दार लागतांच यंत्र पुढील गवत घेण्यास मोकळें होतें.

कोठीचे दोन प्रकार

कोठीच्या रचनेवरून या यंत्राचे दोन मुख्य प्रकार पडतात. यंत्र घेणाऱ्यानें विक्रेत्यास पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच.

पहिल्या प्रकारांत कोठीचा आकार कायम असतो. चहूंकडून रूळ किंवा साखळ्या असून मधील पोकळी बदलत नाहीं. आरंभीं गवत या पोकळींत सैलसर घोळत राहतें, आणि कोठी भरत आली म्हणजे मगच बाहेरील थरांवर दाब पडूं लागतो. म्हणून या गठ्ठ्याचा गाभा मऊ व साल कठीण असते. मऊ गाभ्यांतून हवा थोडी खेळती राहत असल्यामुळें गवतांत किंचित ओल राहिली तरी ती निघून जाण्यास वाव मिळतो. रचना साधी असल्यानें दुरुस्तीहि कमी निघते. परंतु गठ्ठ्याचा व्यास बदलतां येत नाहीं, व ओळ संपल्यावर अर्धवट भरलेल्या कोठींतील गठ्ठा ढिला निघतो.

दुसऱ्या प्रकारांत कोठी गठ्ठ्याबरोबर वाढते. लांब रबरी पट्टे ताणलेले असून गठ्ठा मोठा होईल तसतसे ते मागें सरतात; त्यांवरील ताण स्प्रिंगनें किंवा तेलाच्या दाबानें कायम ठेवलेला असतो. यामुळें पहिल्या घांसापासूनच गवत दाबलें जातें, गाभा व साल दोन्ही घट्ट होतात, आणि तेवढ्याच जागेंत अधिक वजन बसतें. चालकास हव्या त्या व्यासाचा गठ्ठा करतां येतो. मात्र पट्टे झिजतात, बाजूस सरकतात, व त्यांची देखरेख ठेवावी लागते. शिवाय गाभा घट्ट असल्यामुळें आंत राहिलेली ओल बाहेर पडण्यास मार्ग उरत नाहीं. अर्थात या प्रकारासाठीं गवत अधिक काळजीपूर्वक वाळविलें पाहिजे.

दोन्ही प्रकारांत चालकाचें कौशल्य एका गोष्टींत दिसतें. गवताची ओळ कोठीच्या रुंदीपेक्षां अरुंद असेल आणि चालक नेहमीं तिच्या मधोमध चालवील, तर गठ्ठा मध्यें फुगीर व कडांना ढिला असा पिंपासारखा होतो. म्हणून कांहीं अंतर ओळीच्या डाव्या अंगानें व कांहीं अंतर उजव्या अंगानें चालवून दोन्ही कडा सारख्या भराव्या लागतात. ज्याच्या कडा ढिल्या तो गठ्ठा पाऊसहि धरतो व उचलतांना सुटतोहि.

सुतळी कीं जाळी

सुतळी स्वस्त असते, परंतु तिचे पुष्कळ वेढे द्यावे लागत असल्यामुळें गठ्ठा कोठींत बराच वेळ फिरत राहतो. लसूणघासासारख्या पिकांत पान हाच पौष्टिक भाग. या अधिक फिरण्यानें तें चुरून खालीं गळतें. जाळीचे दोन-तीन वेढे पुरतात, वेळ वांचतो, पान वांचतें व पृष्ठभाग नितळ राहून पाणी ओघळून जातें. मात्र जाळी प्लॅस्टिकची असते. ती गवताबरोबर जनावराच्या पोटांत गेली तर बाहेर पडत नाहीं व पोटांत गोळा होऊन बसते. गठ्ठा सोडतांना जाळी पूर्णपणें काढून, मोजून बाजूस टाकणें हें वैरण घालणाऱ्याचें पहिलें कर्तव्य होय. प्लॅस्टिकच्या सुतळीसहि हेंच लागू आहे.

गोल आकारापासून होणारा लाभ

पहिला लाभ मजुरीचा. तो वर सांगितलाच आहे. दुसरा असा कीं, गवताच्या काड्या वळणांत निजलेल्या असल्यामुळें घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यावर पडलेलें पाणी शाकारलेल्या छपरावरून ओघळावें तसें बाजूनें ओघळतें. बारीक गवतांत हा गुण चांगला दिसतो. जाड्या काड्यांच्या वैरणींत तो फारसा उतरत नाहीं. तिसरा लाभ वैरण घालतांना दिसतो : गठ्ठा सोडून ढकलला कीं गवत चटईप्रमाणें उलगडत जातें व जनावरांस रांगेनें खातां येतें.

वजन व आकार यांचा हिशेब

आतां मर्यादांकडे वळूं. त्या समजण्यास थोडें गणित करावें लागेल, पण तें अवघड नाहीं.

एक घनमीटर जागेंत १५० किलो गवत बसलें असें धरूं. १२० सेंटिमीटर व्यास व तितक्याच लांबीचा गठ्ठा सुमारें २०० किलो भरेल. लांबी तीच ठेवून व्यास १५० केला तर वजन सुमारें ३२० किलो होईल. व्यास १८० व लांबी १५० सेंटिमीटर असेल तर तें ५७० किलोपर्यंत जाईल. व्यास दुप्पट झाला तर त्याच लांबीचें वजन चौपट होतें. असा गठ्ठा हलविण्यास पुढें टोकदार दांडे असलेला ट्रॅक्टरच लागतो. ज्यानें बेलर घेतला पण उचलण्याचें साधन घेतलें नाहीं, त्यानें विहीर खणून मोट न घेतल्यासारखें झालें.

हाच व्यासाचा नियम नासाडीसहि लागू पडतो. गठ्ठा उघड्यावर राहून त्याची बाहेरील केवळ १५ सेंटिमीटर जाडीची साल कुजली असें समजा. डोळ्यांस ती जाडी क्षुल्लक वाटते. परंतु दोन्ही सपाट तोंडांची नासाडी सोडून दिली तरी, १८० सेंटिमीटर व्यासाच्या गठ्ठ्यांत त्या सालींत एकंदर गवताचा सुमारें ३१ टक्के भाग असतो. १५० च्या गठ्ठ्यांत ३६ टक्के, आणि १२० च्या गठ्ठ्यांत ४४ टक्के. आपल्याकडे चालणारे लहान गठ्ठे ६० सेंटिमीटर व्यासाचे असतात. त्यांत तीच साल म्हणजे पाऊण गठ्ठा! अर्थात गठ्ठा जितका लहान तितकी त्यास छपराची गरज अधिक. परदेशांत मोठे गठ्ठे शेतांत उघडे पडलेले पाहून आपणहि आपले लहान गठ्ठे तसेच ठेवूं म्हटलें, तर हातीं फारसें कांहीं लागणार नाहीं.

दूरच्या वाहतुकीचाहि प्रश्न आहे. चौकोनी गठ्ठे एकमेकांस भिडून बसतात. गोल गठ्ठे एकावर एक सरळ रचले तर मधील मोकळ्या जागांमुळें गाडीची सुमारें २१ टक्के जागा रिकामी जाते. वरचा थर खालच्या खोबणींत बसविला तर ही तूट कमी होते, पण अजिबात जात नाहीं. २०१३ व २०१९ च्या टंचाईंत महाराष्ट्रांत चारा-छावण्या उघडाव्या लागल्या तेव्हां वैरण दूरदूरच्या भागांतून आणावी लागली, हें आमच्या वाचकांस आठवत असेल. दूर पाठवावयाची किंवा विकावयाची वैरण चौकोनी बांधावी व घरच्या गोठ्यांत खपावयाची गोल बांधावी, असा साधारण नियम सांगतां येईल.

ओल : सर्व नासाडीचें मूळ

यंत्र गवत बांधतें. तें वाळवीत नाहीं. ओलें गवत बांधलें असतां तें आंत श्वसन करीत राहतें, बुरशी व सूक्ष्म जंतु वाढतात, आणि त्यांच्या उष्णतेनें गठ्ठा तापूं लागतो. साधारणतः गोल गठ्ठ्यांत बांधावयाच्या गवतांत शेंकडा १८ पेक्षां अधिक ओल नसावी. घट्ट गाभ्याच्या मोठ्या गठ्ठ्यांत ती याहूनहि कमी असलेली बरी. गठ्ठ्याची उष्णता ६५ अंश सेंटिग्रेडपर्यंत गेली तर तो धोक्याच्या मार्गावर आहे असें समजावें. ८० अंशांच्या सुमारास तो आपोआप पेट घेण्याची भीति असते. बांधल्यापासून पहिले पांच-सहा आठवडे या दृष्टीनें जपण्याचे असतात. लोखंडी सळई गठ्ठ्यांत खोल खुपसून पावएक तासानें काढून पाहावी; हातास चटका बसला तर ते गठ्ठे गोठ्यापासून दूर नेऊन वेगवेगळे ठेवावे. आंत आग धुमसत असेल तर गठ्ठा फोडतांच हवा मिळून ती भडकते, यासाठीं पाण्याची तयारी करूनच त्यास हात घालावा.

ओल पाहण्यास भारी उपकरण नसलें तरी चालतें. काडीची साल नखानें खरवडावी. ती सोलून निघाली तर गवत अजून ओलें आहे. अधिक नक्की पाहावयाचें असेल तर १०० ग्रॅम गवत घेऊन तें न जळेल अशा बेतानें तापवून वजन घटावयाचें थांबेपर्यंत सुकवावें. शेवटीं ८२ ग्रॅम राहिलें तर मूळ ओल १८ टक्के होती. सकाळचें दंव पूर्ण गेल्याशिवाय बांधणी करूं नये. मात्र पान गळणाऱ्या पिकांत अगदीं भर दुपारींहि ती टाळावी.

मुद्दाम ओलें बांधावयाचें तर त्याची रीत वेगळी आहे. शेंकडा ४५ ते ६० ओल असतां गठ्ठा बांधून त्यावर लगेच प्लॅस्टिकच्या ताणलेल्या पडद्याचे चार ते सहा थर गुंडाळले तर हवा बंद होऊन आंत मुरघास तयार होतो. पडद्यास भोंक पडलें तर तेवढ्या जागीं माल नासतो. १८ व ४५ यांच्या मधील गवत मात्र ना धड वाळलेलें, ना मुरविण्याजोगें. तें बांधूं नये हेंच उत्तम.

आपल्या शेतांत याचें स्थान

आपल्याकडे प्रचारांत आलेलीं बरींच गोल यंत्रें लहान आहेत. त्यांचा गठ्ठा सुमारें ६० सेंटिमीटर व्यासाचा, ९० सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा व वीस-पंचवीस किलो वजनाचा होतो. पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर त्यांस पुरतो व बाया-माणसांसहि गठ्ठा उचलतां येतो. भाताचा पेंढा, सोयाबीनचें काड व उंसाचें पाचट हीं या यंत्रांनीं बांधतात. आमच्या लहान शेतांस हाच आकार योग्य आहे. दोन जनावरांच्या गोठ्यांत २०० किलोचा गठ्ठा सोडला तर तो संपण्यास वीस दिवस लागतील आणि तोंवर तो तुडविला व धुळींत लोळविला जाईल.

एका कुटुंबाचा हिशेब पाहूं. दोन जनावरांस दररोज प्रत्येकीं पांच किलो सुकी वैरण धरली तर माघापासून ज्येष्ठापर्यंतच्या १५० दिवसांस दीड हजार किलो लागेल. वीस किलोचा गठ्ठा धरल्यास हे ७५ गठ्ठे झाले. ते रचण्यास तीन मीटर रुंद, चार मीटर लांब व दोन मीटर उंच एवढी कोरडी जागा पुरते. एवढें छप्पर ज्याच्याजवळ आहे त्यासच या यंत्राचा पुरा लाभ मिळेल.

गठ्ठे जमिनीवर ठेवूं नयेत. आमच्या पाहण्यांतील एका शेतकऱ्यानें पडवीच्या बाहेर, मोकळ्या मातीवर, दोन थर रचून वर ताडपत्री घातली होती. वैशाखांत ताडपत्री काढली तेव्हां वरचा थर सोन्यासारखा होता. खालच्या थरास हात लावतांच तो मातीसारखा चुरला. पाऊस वरून आलाच नव्हता. खालून वाळवी शिरली होती व जमिनीची ओल चढली होती. दगडांवर फळ्या किंवा बांबू टाकून एक वीत पोकळी ठेवली असती तर तें गवत वांचलें असतें.

पाचटाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. हेक्टरीं आठ-दहा टन पाचट निघतें व कारखान्यांच्या भट्ट्यांस तें जळण म्हणून हवें असतें. परंतु शेतांत आच्छादन म्हणून ठेवलेलें पाचट ओल धरतें, तण दाबतें व कुजून जमिनीस सेंद्रिय खत देतें. गठ्ठे करून तें विकणारानें मिळणाऱ्या पैशांतून जमिनीचें हें देणें वजा करून मगच नफा मोजावा. जाळून टाकण्यापेक्षां बांधून विकणें बरें. बांधून विकण्यापेक्षां शेतांत कुजविणें बहुधा अधिक बरें.

अपघात व सावधगिरी

या यंत्राच्या पुढील भागांत गवत अडकून तुंबणें ही नेहमींची बाब आहे. यंत्र फिरत असतां तें हातानें किंवा पायानें मोकळें करूं पाहणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय. दांते गवत ज्या वेगानें ओढतात त्या वेगानें माणसास हात सोडवितां येत नाहीं. पी.टी.ओ. बंद करावा, इंजिन बंद करावें, किल्ली खिशांत घालावी व सर्व भाग स्थिर झाल्यावरच खालीं उतरावें. मागील दाराखालीं जाण्यापूर्वीं त्याचा अडसर लावावा. तेलाचा दाब सुटला कीं दार डोक्यावर येतें. फिरत्या दांडीवरील आच्छादन काढूं नये व सैल धोतर, ओढणी किंवा पदर तिच्याजवळ येऊं देऊं नये. गरम झालेल्या बेअरिंगनें सुक्या गवतास आग लागते, म्हणून यंत्रावर आग विझविण्याचें साधन असावें.

उतारावर आणखी एक धोका असतो. गठ्ठा यंत्राच्या चालीच्या दिशेनेंच गडगडतो. म्हणून गठ्ठा सोडण्यापूर्वीं ट्रॅक्टर उतारास आडवा उभा करावा, म्हणजे तो खालीं धांवणार नाहीं. २०१० च्या सप्टेंबरांत इंग्लंडांतील डेव्हन परगण्यांत उतारावरून सुटलेला एक मोठा गोल गठ्ठा रस्त्यावरील मोटारीवर आदळून तिचा चालक प्राणास मुकला. आपल्या घाटमाथ्याच्या गांवांनीं हें उदाहरण विसरूं नये.

आमचें मत

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. दहा-वीस शेतकऱ्यांनीं मिळून लहान आकाराचें यंत्र घेणें आमच्या मतें व्यवहार्य आहे. एकट्यानें घेणें बहुधा परवडणारें नाहीं, कारण वर्षांतील थोडेच दिवस त्यास काम असतें. पण भागीदारींतच या यंत्राचा खरा धोकाहि आहे. सर्वांचें गवत एकाच पंधरवड्यांत तयार होतें. ज्याची पाळी आज आहे, त्याचें गवत ओलें असलें तरी पाळी चुकेल या भयानें तो बांधून घेतो. आणि ज्याचें आज वाळून तयार आहे, तो पाळीची वाट पाहत दंव व ऊन्ह खात बसतो. एकाचें बुरसतें, दुसऱ्याचें करपतें, आणि दोष मात्र यंत्रास दिला जातो.

म्हणून भागीदारीचा करार करतांना पहिलें कलम असें घालावें कीं, यंत्र पाळीप्रमाणें न जातां ज्याचें गवत वाळलें असेल त्याच्या शेतांत आधीं जावें, आणि वाळलें कीं नाहीं हें मालकानें न ठरवितां सर्वांनीं नेमलेल्या एका जाणत्या माणसानें काडी खरवडून ठरवावें. दुसरें कलम असें कीं, ज्यानें कोरडी व उंचावरील जागा तयार ठेवली नसेल, त्याचें गवत बांधूं नये. हीं दोन कलमें ज्या गांवांत मान्य होतील त्या गांवानें यंत्र खुशाल घ्यावें. जेथें तीं मान्य होणार नाहींत, तेथें विळा, पेंढी व नीट शाकारलेली गंजी हींच अजून अधिक भरंवशाचीं साधनें आहेत, असें आम्हांस स्पष्टपणें सांगावेंसें वाटतें.